पायाखालची मींड

ती गिटार मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती गिटार वाटलीच नाही. ओहायोतल्या एका छोट्या गावात, एका घराच्या गराजमध्ये जुन्या सामानाची विक्री चालू होती. कोपऱ्यात चार पायांवर उभं असलेलं एक अरुंद टेबल आणि त्याच्याखाली चार पेडलं. लांबून मला ते आईच्या शिलाई मशीनसारखं दिसलं. जवळ गेलो तर वर आठ तारा होत्या, त्यांच्याखाली रंगवलेल्या रेघा आणि एका टोकाला फेंडर हे नाव. फेंडर ४००. साठीच्या आसपासची पेडल स्टील गिटार.

विकणारी बाई साठीची होती. गिटार तिच्या वडिलांची. आठवडाभर कारखान्यात काम आणि शनिवारी रात्री गावातल्या बारमध्ये वादन, असं त्यांचं आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी ते वारले. तिनं मला विचारलं, "वाजवणार आहात की पुढे विकणार?" मी म्हटलं, शिकणार आहे. तेव्हा तिनं किंमत थोडी कमी केली आणि म्हणाली, "जमायला लागलं की एकदा मला ऐकवा. मला फक्त तो आवाज परत ऐकायचाय."

घरी आणून गिटार उलटी केली तेव्हा कळलं की हे सोपं नाही. खालच्या बाजूला केबलींचं जाळं होतं. प्रत्येक पेडलापासून निघालेल्या केबली ब्रिजपाशी वेगवेगळ्या तारांच्या यंत्रात अडकवलेल्या. कुठली केबल कुठे अडकवायची हे कारखाना ठरवत नाही, वाजवणारा ठरवतो. पेटीच्या झाकणाला आतून एक पिवळं पडलेलं कार्ड चिकटवलेलं होतं, त्यावर पेन्सिलीनं आठ सूर आणि पेडलांचे आकडे लिहिलेले. ही मांडणी आजच्या कुठल्याही शिकवणीच्या पुस्तकात सापडत नाही. चौथ्या पेडलाला तर काहीच जोडलेलं नव्हतं.

म्हणजे माझ्यापुढे दोन रस्ते होते. सगळ्या केबली काढून आजची प्रमाण मांडणी लावायची, म्हणजे आजचे धडे शिकता येतील. किंवा एका अनोळखी माणसाची मांडणी तशीच ठेवायची आणि ती भाषा एकट्यानं शिकायची. मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड वाचतो. त्या धंद्यातला पहिला नियम असा की एखादी ओळ का लिहिली हे कळल्याशिवाय ती पुसू नये. म्हणून आधी इतिहास वाचायला घेतला.

एक सरळ दांडी

सगळ्याची सुरुवात हवाई बेटांवर. १८८०च्या दशकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलानं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि बोटांनी तारा दाबण्याऐवजी त्यांवरून धातूचा तुकडा सरकवला. त्याला तो तुकडा म्हणजे रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला बोल्ट होता, अशी कथा सांगतात. त्या सरकण्यातून जो आवाज निघाला तो आपल्याला अनोळखी नाही, ती मींड आहे. १९१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनातलं संगीत लाखो अमेरिकनांनी ऐकलं आणि देशभर हवाईयन गिटारचं वेड पसरलं. १९३२मध्ये रिकनबॅकरनं बाजारात आणलेली, 'फ्राइंग पॅन' या टोपणनावानं ओळखली जाणारी इलेक्ट्रिक गिटार ही मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. इलेक्ट्रिक गिटारचा धंदा उभा राहिला तो रॉकमुळे नव्हे, या मांडीवरच्या गिटारमुळे.

पण या वाद्यात एक जन्मजात अडचण आहे. ती समजली की पुढचं सगळं समजतं.

सोयीसाठी ई या सुराला षड्ज मानू. समजा तारा सा, ग, प अशा लावल्या. पोलादी बार सरळ असतो. तो पाचव्या पडद्यावर ठेवला की तिन्ही तारा पाच-पाच अर्ध्या सुरांनी चढतात. सातव्यावर ठेवला की सात-सात. म्हणजे बार कुठेही न्या, तारांचं आपापसातलं नातं तेच राहतं. सगळीकडे मेजर कॉर्डच मिळणार. मायनर हवी असेल, सेव्हन्थ हवी असेल तर बार तिरका धरा, काही तारा सोडून द्या, नाहीतर तारा वेगळ्या लावा.

वादकांनी तिन्ही उपाय केले. सोल होओपीई यांनी सी शार्प मायनरची जुळवणी रूढ केली. जेरी बर्ड यांनी सी सिक्स्थ ही जुळवणी लोकप्रिय केली आणि बार तिरका धरण्याची कला अशा टोकाला नेली की पुढे पेडलं आल्यावरही त्यांनी ती वापरली नाहीत. बाकीच्यांनी सोपा पण जड मार्ग घेतला. एका जुळवणीला एक नेक, दुसऱ्या जुळवणीला दुसरा. दोन, तीन, चार नेकच्या गिटारी आल्या. गाणं चालू असताना वादक एका नेकवरून दुसऱ्यावर उडी मारायचा.

पेडलांची कल्पना आली ती या उड्या वाचवण्यासाठी. गिब्सननं १९४०च्या सुमारास इलेक्ट्राहार्प बाजारात आणली. नावातच तिचा पूर्वज आहे. युरोपातल्या हार्पला पेडलं होतीच, पाय दाबला की तारांचे सूर बदलायचे. पुढे कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबी हाताने मोजक्या पेडल गिटारी बनवू लागले. १९४८मध्ये त्यांनी स्पीडी वेस्टसाठी एक बनवली. तरीही पेडल ही मुख्यतः एक सोय होती. आधी दाबायचं, जुळवणी बदलायची, मग वाजवायचं.

दाबण्याचा आवाज

१९५३च्या शेवटी नॅशव्हिलमध्ये वेब पिअर्स या गायकानं 'स्लोली' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. स्टील गिटारवर बड आयझॅक्स होते, आणि त्यांच्यापुढे बिग्सबीनं बनवलेली गिटार. आयझॅक्सनी तार छेडली आणि ती वाजत असतानाच पेडल दाबलं. ग चढून म झाला, प चढून ध झाला आणि सा जागच्या जागी राहिला. एकाच श्वासात सा-ग-प ची म-ध-सा झाली. दोन सूर वर सरकत असताना तिसरा स्थिर, ही गोष्ट सरळ बारला कधीच करता आली नव्हती. बार सरकतो तेव्हा सगळेच सरकतात.

१९५४मध्ये हे गाणं कंट्री गाण्यांच्या यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. देशभरातल्या स्टील वादकांना प्रश्न पडला की हा आवाज काढला कसा. कळल्यावर जो तो पेडलाच्या मागे लागला. बिग्सबीकडे भली मोठी रांग, म्हणून कित्येकांनी घरच्या घरी सळया आणि तारा जोडून आपापल्या गिटारला पेडलं बसवली. इलेक्ट्राहार्पच्या पेडलांनी जुळवणी बदलायची, आयझॅक्सच्या पेडलानं बदलण्याची क्रियाच संगीत झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर मींड हातातून पायात गेली.

मी कार्डाकडे परत गेलो. आठ तारा वरून खाली अशा: ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिलं पेडल: दोन्ही ग चढून म, दोन्ही प चढून ध. सगळं एकाच पेडलावर. हे आयझॅक्सचं पेडल होतं. त्या पेडलाचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला होता, बाकीच्यांवरची नक्षी अजून शाबूत होती. त्या कारखान्यातल्या माणसानं 'स्लोली' ऐकलं होतं आणि तो आवाज आयुष्यभर सोडला नव्हता.

पेडलाची फोड

आयझॅक्सच्या पेडलातून पुढची वाट एका विशीच्याही आतल्या पोरानं काढली. बडी एमन्स, जन्म १९३७, इंडियानातला. लहानपणी हवाईयन पद्धतीच्या शिकवणीत गिटार शिकलेला. १९५५मध्ये लिटल जिमी डिकन्सच्या बँडमध्ये लागला तेव्हा १८ वर्षांचा होता. १९५६-५७च्या सुमारास त्यानं ते एक पेडल दोनांत फोडलं. एका पेडलानं फक्त प चढून ध होणार, शेजारच्या पेडलानं फक्त ग चढून म. आज पहिल्याला ए पेडल म्हणतात, दुसऱ्याला बी.

बदल किरकोळ वाटतो. पण बघा काय झालं. दोन्ही एकत्र दाबली तर आयझॅक्सचा जुना आवाज जसाच्या तसा मिळतो. फक्त ए दाबलं तर सा-ग-ध, म्हणजे मायनर कॉर्ड. फक्त बी दाबलं तर सा-म-प, जी पुन्हा ग वर उतरण्यासाठी आतुर असते. एकामागून एक दाबली तर दोन सूर वेगवेगळ्या वेळी चढतात. जुनं काही हरवलं नाही आणि तीन नव्या गोष्टी मिळाल्या. आमच्या धंद्यात अशा बदलाची फार किंमत असते. नवं व्हर्जन आलं तरी जुनी फाईल उघडली पाहिजे.

१९५७मध्ये एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी मिळून शो-बड ही कंपनी काढली. १९६३मध्ये एमन्स तिथून बाहेर पडले आणि त्यांच्या नावाची वेगळी कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास त्यांनी रे आणि शुद्ध नी अशा दोन तारा वरच्या बाजूला जोडल्या, म्हणजे सा आणि ग यांच्या आसपासचे सूर पेडल न हलवता हाताशी आले. गंमत अशी की सगळ्यात वर असूनही या दोन तारा सर्वांत उंच सुराच्या नाहीत. त्यांच्याखालची तिसरी तार त्यांच्याहून उंच आहे. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो, मीही गोंधळलो. जुन्या रचनेत नवी गोष्ट बसवताना जिथे जागा मिळाली तिथे बसवली, एवढंच त्याचं कारण.

तिसरं पेडल, ज्याला सी म्हणतात, त्याचं श्रेय राल्फ मूनी यांना दिलं जातं. ते वरचा सा चढवून रे करतं आणि त्याच वेळी प चढवून ध. बी आणि सी एकत्र दाबली की म-ध-रे, मायनर कॉर्ड, तीही बार न हलवता. मूनी कॅलिफोर्नियाच्या बाजूचे. बक ओवेन्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर आणि पुढे वेलन जेनिंग्जसोबत अनेक वर्षं त्यांची गिटार ऐकू येते. चटकन चढणारी, चटकन उतरणारी.

मग गुडघ्यांनी ढकलायच्या कळा आल्या. एक सा उतरवून शुद्ध नी करते. दुसरी सा चढवून कोमल रे करते. हा कोमल रे ए पेडलासोबत आला की पुन्हा मेजर कॉर्ड मिळते. त्यामुळे एकच जी मेजर तीन ठिकाणी वाजवता येते: तिसऱ्या पडद्यावर काहीही न दाबता, सहाव्यावर ए पेडल आणि ती कळ, दहाव्यावर ए आणि बी. दहा तारा, तीन पेडलं, चार-पाच कळा. याला ई नाइन्थ नॅशव्हिल म्हणतात आणि आजचे बहुतेक धडे यातच असतात.

तरी हे सगळं 'प्रमाण' होण्याला तसा अर्थ नाही. खुद्द पेडलांचा क्रम आजही दोन प्रकारचा आहे. डावीकडून ए-बी-सी लावणारे एमन्सचे, सी-बी-ए लावणारे जिमी डे यांचे. आणि माझ्यासारख्याच फेंडर ४००वर 'स्नीकी' पीट क्लाइनो यांनी बी सिक्स्थ अशी वेगळीच जुळवणी लावून १९६९मध्ये फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या रेकॉर्डवर जे वाजवलं, त्याची नक्कल नॅशव्हिलच्या मांडणीवर करताना लोक आजही अडखळतात. क्लाइनो मूळचे अॅनिमेशनवाले, मातीच्या बाहुल्या एकेक फ्रेम हलवणारे. आपल्या हाताला जे पटलं ते त्यांनी लावलं.

आपल्याकडे पेडल का आलं नाही

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की हा आवाज मी आधी ऐकलाय. आजोबांच्या रेडिओवर दुपारी हिंदी गाण्यांच्या वाद्यधून लागायच्या, त्यात हवाईयन गिटार असायचीच. हवाईचे कलाकार ताऊ मो आपल्या कुटुंबासह दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिले होते. तिथून हे वाद्य बंगालमध्ये घरोघरी गेलं. मुंबईच्या फिल्मी दुनियेत व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी ते इलेक्ट्रिक रूपात गाजवलं, त्यांच्या तबकड्या निघाल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर राग वाजवला. 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार आहे ती त्यांची. विश्वमोहन भट्टांना १९९४मध्ये राय कूडरसोबतच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'साठी ग्रॅमी मिळालं.

पण यांपैकी कुणी गिटारला पेडल लावलं म्हणून ओळखलं जात नाही. त्यांनी काय लावलं? चिकारी आणि तरफा. कारण आपला प्रश्नच वेगळा होता. रागाला कॉर्ड बदलायची नसते. षड्ज जागचा हलत नाही, मग तारांचं नातं बदलण्याची गरज काय? एका तारेवरून बार सरकवा, सगळे सूर आणि त्यांच्या मधल्या जागाही मिळतात. नॅशव्हिलच्या वादकाला मात्र गाण्यात दर दोन ओळींनी कॉर्ड बदलायची होती आणि तीही सरकत. एकच हवाईयन दांडी दोन देशांत गेली. एका देशानं तिला अनुनाद दिला, दुसऱ्यानं पाय दिले. वाद्यातला बदल वाजवणाऱ्याच्या अडचणीतून येतो, हे मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसलं.

चार पेडलांचं गणित

आता माझी अडचण. माझ्याकडे दहा नव्हे, आठ तारा. गुडघ्याच्या कळा नाहीत. पेडलं चार. आणि या जुन्या यंत्रात प्रत्येक तारेला एकच चढ आणि एकच उतार. प चढून ध होणार असेल तर तीच तार दुसऱ्या पेडलानं फक्त अर्धा सूर चढवता येत नाही. म्हणजे सा एकतर कोमल रे पर्यंत चढेल, नाहीतर शुद्ध रे पर्यंत. दोन्ही नाही. आजच्या मांडणीत दोन्ही लागतात.

शिवाय पाय एक. उजवा पाय आवाजाच्या पेडलावर असतो, डाव्यानं जास्तीत जास्त शेजारची दोन पेडलं एकत्र दाबता येतात. त्यामुळे कुठलं पेडल कोणाच्या शेजारी हेही ठरवावं लागतं.

मी कागदावर दोन मांडण्या काढल्या.

पहिली, आजच्या जवळची: डावीकडून सा चढून कोमल रे, मग ए, मग बी, मग सा उतरून शुद्ध नी. हिची प्रत्येक शेजारजोडी कामाची आहे. पहिली दोन दाबली तर मेजर कॉर्ड, मधली दोन दाबली तर आयझॅक्सची म-ध-सा, शेवटची दोन दाबली तर नी आणि म, सोबत प आणि रे च्या मोकळ्या तारा, म्हणजे पंचमाची सेव्हन्थ. इंजिनियरला आवडेल अशी मांडणी. काहीच वाया जात नाही.

दुसरी, त्या कार्डावरून निघालेली. कार्डावर दुसऱ्या पेडलाला मूनीचा सा-रे आणि प-ध होता, तिसऱ्याला सा उतरून नी, चौथं रिकामं. आयझॅक्सचं पेडल एमन्ससारखं फोडलं तर रिकामं चौथं भरतं आणि सगळं बसतं: डावीकडून सा उतरून नी, मग ए, बी, सी. ए-बी शेजारी, बी-सी शेजारी. नी वालं पेडल एकटं दाबलं की ग-प-नी, मायनर. पंचमाची सेव्हन्थ मात्र एका पायात मिळत नाही, कारण बी च्या दोन्ही बाजू भरलेल्या. आणि कोमल रे नाही, म्हणजे सहाव्या पडद्यावरची जी मेजर गेली. आजचे अर्धे धडे इथे अडतात.

गुणांची बेरीज केली तर पहिली मांडणी जिंकते. मी दोन आठवडे ती लावून वाजवलीसुद्धा. आधी प्रत्येक केबलीला चिठ्ठी बांधली, फोटो काढले, मग हलवल्या. धडे जमायला लागले. पण मला त्या बाईचं वाक्य आठवायचं. तिला 'तो आवाज' ऐकायचा होता. ए-बी एकत्र दाबून आयझॅक्सचा भाग मिळत होता, तो सुरक्षित होता. मूनीचा सी मात्र मी पुसून टाकला होता. त्या गिटारनं कोण जाणे किती शनिवारी वाजवलेली म-ध-रे आता तिच्यातून निघतच नव्हती.

मग मी केबली पुन्हा हलवल्या आणि दुसरी मांडणी लावली. भावनेपोटी केलं असं कुणी म्हणेल. थोडं खरं आहे. पण दुसरंही कारण आहे. पहिली मांडणी म्हणजे नव्या दहा-तारी गिटारची आखूड केलेली प्रत. तिच्यात मी कायम काय नाही तेच मोजत बसलो असतो. दुसरी या यंत्राच्या मापाची आहे. एका तारेला एक चढ, एक उतार, चार पेडलं, एवढ्या मर्यादेत एका माणसानं काय निवडलं ते तिच्यात आहे, आणि त्यात मी एमन्सची एकच फोड घातली, जिच्यानं त्याचं काहीच मोडत नाही.

रे कुठला

एक गोष्ट उरली, सूर लावणं. मी ट्यूनरवर सगळ्या तारा बरोबर मध्यावर आणल्या आणि कॉर्ड वाजवली तर ती खरखरली. कारण ट्यूनर पेटीचे, म्हणजे समान अंतरांचे सूर दाखवतो. बारवर पडदे नसतात, सूर दीर्घ वाजतात, त्यामुळे ग जरासा उंच असला तरी कान पकडतो. तंबोऱ्यात जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाइतका. स्टील वादक ग तिथेच लावतात. नॅशव्हिलमधले जुने वादक कानानं ज्या जागी पोहोचले ती आपल्या तानपुऱ्यातली जागा आहे, हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो.

ए पेडलाचा ध मध्यमाशी गोड जुळवला तर गांधाराशीही आपोआप जुळतो. फसतो तो रे. पंचमाच्या कॉर्डसाठी चढा रे लागतो, आणि म-ध-रे साठी त्याच्याहून सुमारे २२ सेंट उतरता. आपल्याकडच्या ग्रंथांत चतुःश्रुती आणि त्रिश्रुती ऋषभ म्हणून जो भेद येतो, तोच. पण या गिटारमध्ये त्याचं उत्तर सापडतं. रे ची मोकळी तार चढी लावायची आणि सी पेडलानं सा पासून चढणारा रे उतरता लावायचा. दोन रे, दोन जागी. दहा-तारी गिटारवाले हेच करतात. मीही स्क्रू फिरवून तसं केलं आणि म-ध-रे पहिल्यांदा स्थिर उभी राहिली. मी कार्ड पुन्हा पाहिलं. सी पेडलाच्या रे पुढे पेन्सिलीनं एक छोटा खाली जाणारा बाण होता. आधी मी तो डाग समजलो होतो.

परवा ती बाई येऊन गेली. मला सहा महिन्यांत जेवढं येतं तेवढं वाजवलं. एक संथ चाल, शेवटी ए-बी दाबून सोडायचं. ती माझ्या हातांकडे पाहत नव्हती, पायाकडे पाहत होती. संपल्यावर काही वेळ गप्प बसली.

"आवाज तोच आहे," म्हणाली. "पण त्यांचा पाय याहून हळू उतरायचा."

मी पुन्हा वाजवलं, हळू. ती म्हणाली, "अजून."